बुडबुडे

कुरवंड्याच्या सोपानला पाण्याची भीती वाटते असं कुणी म्हटलं असतं, तर गावाने त्यालाच वेड्यात काढलं असतं. आसपासच्या धरणात, डोहात, धबधब्याखालच्या कुंडात कुणी पाहुणा बुडाला की पहिला फोन सोपानला यायचा. तो काठावर पाण्यातल्या साती आसरांच्या नावाने हळदकुंकू वाहायचा, कमरेला दोर बांधायचा, छाती भरून दम घ्यायचा आणि खाली जायचा. दोराला हिसका बसला की वरच्यांनी ओढायचं. मग माणूस वर यायचा, म्हणजे माणसाचं जे काही उरलेलं असेल ते. इतक्या वर्षांत सोपानने जिवंत असं एकालाही काढलं नव्हतं. त्याला बोलावणं यायचं तेच मुळी सगळं आटोपल्यावर.

पण भीती वाटायची, आणि दर खेपेला ती वाढतच चालली होती. काठावरची मंडळी पाण्यावर कुठे बुडबुडे येतात ते बघून ओरडायची, ‘तितं, सोपानराव, तितं!’ आणि त्या बुडबुड्यांच्या खुणेवर त्याला उतरायला लागायचं. गढूळ अंधारात चाचपडताना आधी हाताला केस लागायचे, नंतर कपाळ. डोळे बहुतेकांचे उघडेच असत. ते डोळे पुढे कित्येक दिवस त्याच्या ताटासमोर येऊन बसायचे.

हे त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आणि त्यात सगळाच दोष त्याचा नव्हता. घरची रीत तशी होती. तो ओल्या कपड्यांनी आला की सविता, त्याची बायको, त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवायची. लिंबाचा पाला टाकलेली कळशी डोक्यावर ओतायची, कोरडे कपडे द्यायची, आणि घरात कुणी एक शब्द विचारायचा नाही. पाण्यातलं पाण्यात राहू द्यावं, घरात आणू नये, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. रीत काढणाऱ्याच्या मनात चांगलंच असणार. पण झालं काय, की कुणी विचारलं नाही म्हणून यानं सांगितलं नाही, आणि यानं सांगितलं नाही म्हणून गावाने त्याला वाघ ठरवून टाकलं. असा आयता मिळालेला वाघपणा सांभाळायला फार जड जातो.

पोटापाण्यासाठी सोपान लोणावळ्याजवळच्या वलवणला एका मुंबईकराचा बंगला सांभाळायचा. शनिवार-रविवारी तिथे पार्ट्या चालायच्या आणि बाकीचे दिवस सोपान पोहायच्या पुलातली पानं जाळीने काढत, औषध टाकत बसायचा. जुना बंगला, त्यामुळे पूलही जुन्या पद्धतीचा. एका टोकाला कमरेएवढा आणि दुसऱ्या टोकाला पुरुषभराहून खोल.

एवढा पाण्यातला माणूस, पण स्वतःच्या लेकीला त्याने पोहायला शिकवलं नव्हतं. कोमल ही एकुलती एक. शाळेची सहल धरणावर निघाली की तिला हटकून ताप यायचा, आणि तो ताप तिच्याआधी सोपानलाच कळलेला असायचा. आता ती वीस वर्षांची झाली होती, लोणावळ्यात एका टूरवाल्याच्या ऑफिसात कामाला लागली होती, आणि ताप आणायचं वय निघून गेलं होतं.

पाऊस सरत आला होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी जेवायला बसल्यावर कोमल म्हणाली, “पप्पा, दिवाळीनंतर अंदमानला ग्रुप न्यायचाय. तळेगावच्या बायका आहेत. सगळं प्लॅनिंग माझ्याकडे दिलंय.”

“ने की,” सोपान खूश होऊन म्हणाला. “तितला जेल बगून या.”

“जेल तर आहेच. पण मेन म्हणजे स्कुबा आहे.”

“ते काय आसतं?”

“पाठीवर हवेची टाकी बांधतात, तोंडात नळी देतात आणि समुद्राच्या खाली नेतात. खाली प्रवाळ असतं, रंगीत मासे असतात. सगळं डोळ्यांनी बघायचं.”

“त्या बायांना पवता येतं?”

“नाही ना. नवशिक्यांसाठीचंच आहे ते. पोहता येत नसलं तरी चालतं.”

सोपानचा घास हातातच राहिला. पोहता येत नसलं तरी चालतं, असं म्हणूनच तर लोक पाण्यात पाय टाकत होते, आणि त्यांनाच तर तो आजवर बाहेर काढत आला होता.

कोमलला वाटलं, पप्पांना कळत नाहीये. म्हणून तिने नीट समजावून सांगितलं. जागा तिने निवांत चौकशी करून निवडली होती. प्रवाळ उथळ पाण्यातलं, तळाशी वाळू, पाण्याला ओढ नाही. वेळ सकाळची, वारा सुटायच्या आत. एका बाईमागे एक शिकवणारा. दमा असलेल्या, कान दुखणाऱ्या, बीपीवाल्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. पाण्याखाली जाऊन आल्यावर लगेच विमानात बसलेलं चालत नाही, म्हणून तो कार्यक्रम तिने शेवटच्या दिवशी न ठेवता मधे घेतला होता. ऐकणाऱ्याला वाटावं, पोर पन्नास वर्षं हेच करत आली आहे.

“आणि त्यांना खाली पाठवायचं तर आधी मी जाऊन आले पाहिजे,” ती म्हणाली. “नाहीतर कुठल्या तोंडाने सांगू, की घाबरू नका?”

सोपानच्या डोळ्यांसमोर अंदमान काही आलं नाही, ते त्याने पाहिलंच नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर तेच गढूळ पाणी आलं, हाताला केस लागले, आणि या खेपेला ते केस कोमलचे होते.

नको म्हणायचं, तर का नको ते सांगावं लागणार. ते सांगायचं, तर इतक्या वर्षांचं सगळंच सांगावं लागणार. त्यापेक्षा त्याने एक युक्ती काढली. म्हणाला, “पयलं मला दाव. बंगल्याच्या पुलात दम धरून खाली बसायचं. मी हात वर करीस्तवर वर यायचं न्हाई. जमलं तर खुशाल जा.”

त्याचा हिशोब सोपा होता. नाकात एकदा पाणी गेलं की पोरगी आपणहून म्हणेल, नको ते अंदमान.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोमल उथळ टोकाला शिडीचा दांडा धरून खाली बसली आणि लगेच ठसकत वर आली. डोळे लाल, नाक गळतंय. सोपानला वाईट वाटायला हवं होतं, पण त्याला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. पण नाक पुसून कोमल म्हणाली, “परत.” आणि परत बसली.

आता सोपानची खोड अशी, की शिकवायचं म्हटल्यावर त्याला वाईट शिकवता येत नसे. तिने “माझं काय चुकतंय?” असं विचारलं आणि तो युक्तीबिक्ती विसरून गेला. गेणूचुलत्याने विहिरीत ढकलून त्याला जे शिकवलं होतं, तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं. “कायबी झालं तरी दम सोडायचा न्हाई. नाकात पाणी गेलं, डोळ्यात गेलं, कुनी पाय वढला, तरी दम धरायचा. भ्या वाटलं की आजून घट धरायचा, आन् सरळ वर यायचं.”

कोमल रोज येऊ लागली. ऑफिसातून सुटली की स्कुटीवरून थेट वलवण. आठवडा गेला, दुसरा गेला, तिचा दम वाढत चालला. शेवटी शेवटी ती खाली निवांत मांडी घालून बसायची, आणि काठावर सोपानचाच जीव खालीवर व्हायचा. हात लवकर वर करायचा तो तिच्यासाठी नाही, स्वतःसाठी. पोरीचं कौतुक वाटत होतं आणि कौतुकाइतकीच भीती वाटत होती. आपल्याच हाताने आपण तिला पाण्यात ढकलतोय, हे त्याला कळून चुकलं होतं.

मग एका मंगळवारी श्रीयश आला. हा तळेगावचा मुलगा, हंगामात अंदमानात लोकांना स्कुबा शिकवायचा आणि पावसाळ्यात घरी असायचा. समुद्रावर जाण्याआधी कोमलला पुलात सराव द्यायचं त्याने कबूल केलं होतं. बंगल्याच्या मालकालाही तिने विचारून ठेवलं होतं. सोपानने एखादा पहिलवान येईल असं गृहीत धरलं होतं, तर गाडीतून उतरला हा काटकुळा, चष्मेवाला पोरगा. टाक्या उचलताना जरा वाकलाच. याच्या हातात आपली पोरगी द्यायची, हे काही सोपानला पटेना.

श्रीयशने काठावर सगळं सामान मांडलं. मास्क, नळी, टाकी अडकवायचं जाकीट. बोटांच्या खुणा शिकवल्या. मग तो म्हणाला, “आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. बाकी काही विसरलीस तरी चालेल, हा नाही. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. मास्कमध्ये पाणी गेलं, भीती वाटली, काहीही झालं तरी.”

पुलाच्या पंपाशी उभा असलेला सोपान वळला. “का वो?”

“काका, टाकीतली हवा पाण्याच्या दाबाखाली आपण आत घेतो. ती छातीत कोंडून वर आलो, तर वर येताना ती फुगते. फुप्फुसं फाटू शकतात. त्याला समुद्र लागत नाही, एवढा पूलसुद्धा पुरतो.”

पंप घरघरत होता, कोमल जाकिटाचे पट्टे आवळत होती, आणि इतके दिवस आपण तिच्या अंगात काय मुरवलं ते सोपानला एकेक शब्दासकट आठवत होतं. भ्या वाटलं की आजून घट धरायचा, आन् सरळ वर यायचं. दुसऱ्या कुणा बापाला ही चूक जमलीच नसती. त्यासाठी सोपानच पाहिजे होता.

“मी पोरीला दम धरायला शिकिवलंय,” तो कसाबसा म्हणाला. “लय दिस.”

श्रीयश हसला नाही. त्याने कोमलकडे पाहिलं आणि पट्टे सैल केले. “मग आज घाई नको,” म्हणाला. त्याने तिला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं, तोंड बुडवून नळीतून नुसता श्वास घ्यायला-सोडायला लावला. बराच वेळ तेच. मग मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन नाकाने बाहेर फुंकायला शिकवलं. ते कोमलला जमलं, परत केलं, परत जमलं. सोपान काठाकाठाने नुसता येरझाऱ्या घालत होता.

“आज ऱ्हाऊ दे,” त्याने दोनदा सांगून पाहिलं.

कोमलने तोंडातली नळी काढली. “पप्पा, तुम्ही घाबरलात का?” तिने हसतच विचारलं, कारण तिच्या लेखी हा विनोद होता.

“मी? छ्या!” सोपान म्हणाला.

मग दोघं खोल टोकाला गेली. श्रीयशने तिच्या जाकिटाला हात घातलेला होता. दोघांची डोकी हळूहळू खाली गेली आणि पाण्यावर बुडबुडे यायला लागले. सोपान काठावर उकिडवा बसला. बुडबुड्यांकडे बघू नये असं त्याला फार वाटत होतं, आणि दुसरीकडे कुठे बघवत नव्हतं. निळ्या फरश्यांवर त्याला दोन काळ्या आकृत्या हलताना दिसत होत्या. एका जागचे बुडबुडे येत होते, थांबत होते, येत होते. दुसऱ्या जागचेही तसेच.

मग एका जागचे थांबले ते थांबलेच.

खाली कोमल हातपाय झाडायला लागली होती. तिच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं आणि ते फुंकून काढायचं सोडून तिचं अंग शिकवल्याप्रमाणे वागत होतं. दम घट्ट धरून ती सरळ वर यायला बघत होती. श्रीयशने तिला दोन्ही हातांनी खाली धरून ठेवलं होतं. काठावरून सोपानला दिसलं ते एवढंच, की आपली लेक बुडतेय आणि एक माणूस तिला वर येऊ देत नाहीये.

त्याने दोर बांधला नाही. हळदकुंकू वाहिलं नाही. धड दमही घेतला नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली. खाली जाऊन त्याने कोमलचं मनगट पकडलं, कितीएक मनगटं पकडून तयार झालेल्या त्याच हाताने, आणि वर ओढलं. श्रीयशने त्याला दंडाने थोपवलं आणि आपल्या तोंडाकडे, मग तिच्या छातीकडे बोट दाखवलं. तेव्हा सोपानला तो काठावरचा नियम आठवला. हिला असंच वर नेलं, तर मीच मारीन.

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पाण्याखालच्या चेहऱ्याकडे बघायचं म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं, आणि तरी पाहिलं. मास्क निम्मा पाण्याने भरलेला होता. त्यात कोमलचे डोळे उघडे होते, टक्क त्याच्यावर लागलेले. ती वाट बघत होती. रोजच्यासारखी, पप्पा हात कधी वर करतात याची.

सोपानने हात वर केला नाही. त्याने तिच्या समोर, हातभर अंतरावर, आपलं तोंड उघडलं आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा दम सोडून दिला. मोठाले बुडबुडे त्याच्या तोंडातून निघून वर गेले. कुठल्याही पाण्याखाली हे त्याने जन्मात केलं नव्हतं.

कोमलचे डोळे मिटले आणि उघडले. मग तिच्या नळीतून भसकन बुडबुडे सुटले.

एकदा. थोडं थांबून पुन्हा एकदा. श्रीयशने मान हलवली. तिने वर पाहिलं, मास्कच्या कडेला बोटं लावली आणि नाकाने फुंकलं. आतलं पाणी उतरत गेलं.

सोपानच्या छातीत आता काहीच शिल्लक नव्हतं. कानात ढोल वाजत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. त्याला वर जाणं भाग होतं आणि तिला वर नेता येत नव्हतं. तिचं मनगट अजून त्याच्या मुठीत होतं. खाली पकडलेला हात त्याने आजवर कधी सोडला नव्हता. बोटं ऐकेनात. मग एकेक करून त्याने ती उघडली, आणि पोरीला तिथेच ठेवून तो एकटा वर आला.

काठाला लोंबकळून तो खोकत राहिला. खोकता खोकता पाण्याकडे बघत राहिला. दोन ठिकाणी बुडबुडे येत होते, येत होते, थांबत होते आणि परत येत होते. थांबले की त्याचा जीव जायचा. आले की परत यायचा.

बऱ्याच वेळाने दोन्ही डोकी हळूहळू वर आली. कोमलचा चेहरा पांढराफटक पडला होता. नळी काढून ती पहिलं काय बोलली, तर “पप्पा, तुम्ही दोर न बांधता उडी मारलीत?”

सोपानचे दात वाजत होते आणि पाणी काही तेवढं गार नव्हतं. कोमलच म्हणाली, “श्रीयश, परत जाऊया. या वेळी नीट करते.” ती परत खाली गेली. सोपान काठावर बसून राहिला. मास्कमध्ये पाणी घेऊन तिने ते फुंकून काढलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि एकदाही तिचे बुडबुडे अडले नाहीत. मग तो उठला. “तू सामान भरू लाग, मागनं ये,” एवढंच म्हणाला आणि तसाच ओल्या कपड्यांनी मोटरसायकलवर बसला.

कुरवंड्यात पोचेपर्यंत वाऱ्याने त्याचं अंग काकडून गेलं होतं. सविता अंगणात शेंगा वाळत घालत होती. तिने मान वर केली. दारात नवरा उभा, एकटा, डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

ती उठली, आत गेली, लिंबाची डहाळी टाकून कळशी भरून आणली. रीतच ती. उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथे तिला आठवलं, की आज कुठूनही फोन आलेला नव्हता. आज हे दोघं बापलेक पुलावर गेले होते, आणि परत एकटा बापच आला होता.

कळशी तिच्या हातातून सुटली. पाणी उंबऱ्यावरून अंगणभर झालं.

“हाय! पोरगी हाय गं!” सोपान ओरडला. त्याने पुढे होऊन तिचे दोन्ही खांदे धरले. “कोमल चांगली हाय. मागनं स्कुटीवरनं येतीया. शपथ तुजी.”

सविता मटकन उंबऱ्यावर बसली. तोंडाला पदर लावून तिने नुसती मान हलवली. तोही तिच्याशेजारी ओल्या अंगाने बसला. डोक्यावर पाणी घ्यायचं राहिलं, कपडे बदलायचे राहिले. सासूची रीत एका दिवसात सगळी मोडली गेली, आणि दोघांपैकी कुणी उठलं नाही.

“जाऊ दे तिला आंदमानात,” सोपान म्हणाला. “मला लय भ्या वाटतं. पयल्यापास्नं वाटतं, दरेक खेपंला. पर जाऊ दे.”

सविताने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने ऐकलेलं नव्हतं. रीत म्हणून ओठ मिटून बसायची तिला सवय होती.

“इचार की,” तो म्हणाला. “खाली काय दिसलं ते इचार मला येकदा.”

“काय दिसलं?” सविताने विचारलं.

“डोळं,” सोपान म्हणाला. “पान्याखाली. पापन्या मिटत व्हत्या गं, उगडत व्हत्या.” आणि तो लहान पोरासारखा रडायला लागला. खालच्या रस्त्यावरून स्कुटीचा आवाज वर येत होता.